लगाम खिशाला की कल्पनेला?

22 मार्च 2024, शुक्रवार. मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमध्ये फॉर्म्युला वनच्या ऑस्ट्रेलियन ग्रां प्रीचा सराव चालू होता. विल्यम्स संघाच्या अ‍ॅलेक्स अल्बनची गाडी सहाव्या वळणातून बाहेर पडताना कर्बवरून उडाली आणि भिंतीवर जाऊन आदळली. अल्बन सुखरूप बाहेर आला. पण गाडीच्या चॅसीचं, म्हणजे चालक ज्यात बसतो त्या कार्बन फायबरच्या कवचाचं इतकं नुकसान झालं होतं की मेलबर्नमध्ये ते दुरुस्त होणं शक्यच नव्हतं. अशा वेळी संघ हाताशी ठेवलेली तिसरी चॅसी बाहेर काढतो, मेकॅनिक रात्री उशिरापर्यंत राबतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी उभी राहते. विल्यम्सकडे तिसरी चॅसी नव्हतीच.

मग संघप्रमुख जेम्स व्हाउल्स यांनी शांतपणे हिशेब मांडला. दोन चालक, एक गाडी. गुण मिळवण्याची शक्यता अल्बनची जास्त. दुसरा चालक लोगन सार्जंट याने त्या शनिवार-रविवारी कसलीही आगळीक केली नव्हती, तरी त्याची धडधाकट गाडी काढून अल्बनला देण्यात आली. सार्जंट कानाला हेडफोन लावून गॅरेजमध्ये उभा राहिला. अल्बन अकरावा आला. गुण मिळतात पहिल्या दहांना.

व्हाउल्स मर्सिडीज सोडून 2023 च्या सुरुवातीला विल्यम्समध्ये आले तेव्हा त्यांना काय दिसलं, हे त्यांनी मेलबर्नच्या सुमारासच जाहीरपणे सांगितलं होतं. गाडीच्या साधारण वीस हजार सुट्या भागांची यादी एका एक्सेल फाइलमध्ये होती. कुठला भाग तयार आहे, कुठला अजून साच्यात आहे, कुठला कितीला पडला, यांतलं काहीही त्या यादीवरून धड कळत नसे. भोसरीच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळणारा माणूसही हे ऐकून कपाळावर हात मारून घेईल. कामं अशी साचत गेली आणि तिसरी चॅसी मागे पडत राहिली.

विल्यम्स कुटुंबाने 2020 मध्ये संघ अमेरिकेतल्या डोरिल्टन कॅपिटलला विकला, तेव्हा संघाची तिजोरी रिकामी होती. नव्या मालकांकडे पैसा होता. पण पुढच्याच वर्षी खेळात खर्चाची कमाल मर्यादा आली आणि यंत्रसामग्रीवर किती गुंतवावं यावरही वेगळं बंधन होतं. ज्या गरीब संघांना वाचवण्यासाठी हा नियम आला, त्यांतलाच एक जण हाती पैसे आल्यावर घर दुरुस्त करायला निघाला, तर नियम आडवा आला. तळाच्या संघांसाठी हे बंधन पुढे सैल करावं लागलं.

खर्च आवरण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, पैसा किती खर्च करायचा ते ठरवून द्यायचं आणि डोकं मोकळं सोडायचं. दुसरी, डोक्यालाच कुंपण घालायचं: हे बनवू नका, ते वापरू नका, एवढ्याच चाचण्या करा. फॉर्म्युला वनने जवळपास पन्नास वर्षं दुसरी तऱ्हा वापरली आणि तिने खर्च काही कमी झाला नाही. पहिली 2021 मध्ये आली. ती आली तेव्हा दुसरी मात्र कुणी मागे घेतली नाही.

स्वस्त आणि बुद्धिमान यांचं वैर नसतं, हे या खेळाने 1967 मध्येच पाहिलं होतं. लोटस संघाचे कॉलिन चॅपमन यांच्या खटपटीमुळे फोर्ड कंपनीने एक लाख पौंड दिले आणि नॉर्दम्प्टनच्या कॉसवर्थ या छोट्या कंपनीत कीथ डकवर्थ यांनी तीन लिटरचं व्ही-8 इंजिन बनवलं. त्याचं नाव डीएफव्ही. 4 जून 1967 रोजी नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला ते पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि पहिल्याच दिवशी जिम क्लार्क त्याच्या जोरावर जिंकला. हे इंजिन नुसतं ताकद देत नव्हतं, तर गाडीच्या सांगाड्याचाच भाग होतं. मागची चाकं, सस्पेन्शन, सगळं त्यालाच बोल्टने जोडलेलं. त्यामुळे वजन आणि खटाटोप दोन्ही वाचले. पुढच्याच वर्षापासून ते इतर संघांनाही मिळू लागलं, साधारण साडेसात हजार पौंडांना.

ज्याच्याकडे इंजिनाचे पैसे आणि डोकं आहे, त्याला आता फेरारीशी दोन हात करता येत होते. केन टिरेल हे इंग्लंडमधले इमारती लाकडाचे व्यापारी. त्यांचा संघ लाकडाच्या वखारीतल्या शेडमधून चालायचा. याच वखारीतून निघालेल्या गाडीने 1971 मध्ये जॅकी स्ट्युअर्टला जगज्जेता केलं. एन्झो फेरारी या मंडळींना तुच्छतेने ‘गॅरेजवाले’ म्हणत. डीएफव्ही आणि त्याच्या सुधारित आवृत्तीने 1983 पर्यंत एकूण 155 शर्यती जिंकल्या.

इंजिन सगळ्यांचं एकच, म्हटल्यावर फरक पाडायचा कुठे? त्यामुळे कल्पनांना ऊत आला. टिरेलनेच 1976 मध्ये सहा चाकांची गाडी उतरवली. पुढे चार बुटकी चाकं, मागे दोन मोठी. स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला ती पहिली आणि दुसरी आली. त्याच अँडरस्टॉर्पला दोन वर्षांनी गॉर्डन मरे यांनी ब्रॅबमच्या गाडीच्या मागे भलामोठा पंखा बसवला. सांगायला तो इंजिन थंड करण्यासाठी होता, प्रत्यक्षात गाडीखालची हवा उपसून तिला रस्त्याला चिकटवून ठेवत होता. निकी लाउडा ती शर्यत आरामात जिंकला आणि बाकीच्या संघांनी इतका आरडाओरडा केला की ब्रॅबमनेच ती गाडी मागे घेतली. एक शर्यत, एक विजय, खेळ खल्लास.

इथून बंदीची सवय लागली. कधी सुरक्षिततेसाठी, कधी चालकाच्या कौशल्याची किंमत राहावी म्हणून, आणि पुढेपुढे जवळजवळ प्रत्येक वेळी खर्चाचं नाव पुढे करून. 1992 ची विल्यम्स एफडब्ल्यू 14बी हे त्याचं ठळक उदाहरण. तिच्यातलं सक्रिय सस्पेन्शन संगणकावर चालायचं. वळणावर, ब्रेक लावताना, सरळ रस्त्यावर गाडी जमिनीपासून किती उंच राहावी हे ते क्षणाक्षणाला ठरवायचं. नायजेल मॅन्सेल त्या वर्षी नऊ शर्यती जिंकला. 1994 पासून सक्रिय सस्पेन्शन, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस हे सगळं एका फटक्यात हद्दपार झालं. आता छोटे संघ मोठ्यांच्या जवळ येतील असं सांगण्यात आलं. 1994 चं संघांचं विजेतेपद पुन्हा विल्यम्सनेच पटकावलं.

याचं कारण तसं साधं आहे. शंभर कोटी खर्च करण्याची ऐपत असलेल्या संघाला एक दार बंद केलं तर तो पैसा घरी ठेवून स्वस्थ बसत नाही, दुसरं दार शोधतो. सस्पेन्शन बंद झालं, तर तो पैसा वायुगतीत जातो. तिथे कुंपण आलं, तर बेरिलियमसारख्या महागड्या धातूंत. तेही 2001 पासून बंद झालं, तर चाचण्यांत. आणि दार जितकं अरुंद, तितका त्यातून मिळणारा फायदा चिमुकला आणि महाग. मोकळ्या नियमांत एखादी नवी कल्पना सेकंदभर वाचवून देते. घट्ट नियमांत पंखाच्या कडेचा आकार शंभरदा बदलून सेकंदाचा शंभरावा भाग हाती लागतो. त्यासाठी शंभर माणसं लागतात आणि विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून आकार तपासायचा बोगदा, चोवीस तास चालवावं लागतं. अशा कामात डोकेबाज गरीब हरतो, चिवट श्रीमंत जिंकतो.

2000 नंतरची आठ-नऊ वर्षं या श्रीमंतीचा कळस होती. टोयोटा, होंडा, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, रेनो, जग्वारच्या नावाने फोर्ड असे सगळे मोटार कारखानदार मैदानात होते. फेरारीच्या दिमतीला फिओरानो आणि मुजेल्लो असे स्वतःचे दोन ट्रॅक होते, आणि शर्यतीला जाणाऱ्या पथकाखेरीज फक्त चाचण्या करणारी वेगळी पथकं होती. आणि टोयोटा! जर्मनीतल्या कोलोनला त्यांनी जे उभारलं त्याला तोड नव्हती. स्वतःचं इंजिन, स्वतःची चॅसी, दोन विंड टनेल. 2002 ते 2009 अशी आठ वर्षं, जवळपास 140 शर्यती. विजय शून्य.

कोलोनच्या या विंड टनेलचा किस्सा पुढे येईल.

डिसेंबर 2008 मध्ये जागतिक मंदीच्या तडाख्यात होंडाने संघ सोडला. तेव्हा एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेचे अध्यक्ष होते मॅक्स मोस्ली. वकील, धूर्त, भांडायला सदैव तयार. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं कमी मिळतील, पण 2009 मध्ये त्यांनी मांडलेला प्रस्ताव या खेळातला सगळ्यात विचारपूर्वक सौदा होता असं म्हणायला जागा आहे. प्रस्ताव असा: 2010 पासून जो संघ वर्षाला चार कोटी पौंडांत भागवायचं कबूल करेल, त्याला तांत्रिक स्वातंत्र्य मिळेल. हलणारे पंख चालतील, इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा नसेल, हंगामाबाहेर हव्या तेवढ्या चाचण्या करता येतील. ज्यांना अमर्याद खर्च करायचा आहे त्यांनी खुशाल करावा, पण त्यांना जुनेच जाचक नियम राहतील. थोडक्यात, पैसा हवा की मोकळीक, एक काय ते निवडा.

बड्या संघांचा संताप झाला. एकाच स्पर्धेत दोन कायदे कसे, म्हणत फेरारी पॅरिसच्या न्यायालयात गेली. तिथे स्थगिती मिळाली नाही, तेव्हा जूनमध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या तोंडावर आठ संघांनी आपली वेगळी स्पर्धा काढायची घोषणा केली. त्या आठांत दोन नावं नव्हती: विल्यम्स आणि विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया. स्वतःचा मोटार कारखाना पाठीशी नसलेल्या या दोघांनी आधीच मुकाट्याने प्रवेशअर्ज भरले होते. आठवडाभरात तडजोड झाली. मोस्ली पुन्हा अध्यक्षपदाला उभे राहणार नाहीत असं ठरलं, मर्यादा बारगळली आणि संघांनी आपापसात काटकसरीचा एक करार केला. त्यात ना मोस्लींचा आकडा होता, ना मोस्लींनी देऊ केलेली मोकळीक.

पण त्या चार कोटींच्या आश्वासनावर विश्वास ठेवून नवे संघ दाखल झाले होते, त्यांचं काय? त्यांची दशा करुण चंढोकने आतून पाहिली. मार्च 2010, बहारिन. स्पेनच्या एचआरटी संघाची त्याची गाडी शुक्रवार उलटला तरी गॅरेजमध्ये जोडणं चालूच होतं. शनिवारी पात्रता फेरी सुरू झाली तेव्हा ती एकदाची बाहेर पडली. म्हणजे फॉर्म्युला वनमधल्या पदार्पणाच्या पात्रता फेरीत चंढोक त्या गाडीचं स्टिअरिंग ट्रॅकवर पहिल्यांदाच फिरवत होता. एचआरटी 2012 अखेर संपला. त्याच लाटेतला, लोटस नावाने आलेला आणि पुढे केटरहॅम झालेला दुसरा संघ 2014 मध्ये गेला. तिसरा, व्हर्जिन म्हणून जन्मलेला आणि मधे मरुशिया झालेला मॅनॉर, 2017 च्या जानेवारीत. तिघांचा मिळून एकही विजय नाही.

2009 म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो ब्रॉन. होंडाने टाकून दिलेला संघ रॉस ब्रॉन यांनी एका पौंडाला घेतला, मर्सिडीजचं इंजिन कसंबसं बसवलं, शेकडो माणसं कमी केली आणि जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. गाडीच्या तळाशी, दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथल्या फटीतून हवा वर नेणारा दुमजली डिफ्यूझर ही त्या गाडीची करामत. नियमाच्या शब्दांत ती फट होती आणि ती बहुतेकांना दिसली नाही. टोयोटा आणि विल्यम्सलाही ती दिसली होती, पण ब्रॉनइतकी चांगली कुणाला वापरता आली नाही.

गरिबाने श्रीमंतांना हरवलं, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच आहे. होंडाने 2008 चा हंगाम जवळजवळ वाऱ्यावर सोडून त्या गाडीवर वर्षभर पैसा ओतला होता. एका पौंडात मिळाली ती कित्येक कोटींची गाडी. आणि ब्रॉनची तिजोरी खरोखर रिकामी असल्याचं दुसऱ्या सहामाहीत दिसलं. इतर संघ दर शर्यतीला नवे भाग आणत होते, ब्रॉनची सुधारणा मंदावली आणि जूननंतर बटन एकही शर्यत जिंकू शकला नाही. पहिल्या सहामाहीच्या शिदोरीवर तो जगज्जेता झाला. एक चांगली कल्पना किती दूर नेते आणि पैसा संपल्यावर कुठे सोडते, हे एकाच वर्षात दिसलं. हेच रॉस ब्रॉन 2017 मध्ये फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनात गेले आणि खर्चमर्यादेचे एक प्रमुख शिल्पकार ठरले.

मधल्या काळात, 2014 मध्ये, एक अद्भुत इंजिन आलं. 1.6 लिटरचं टर्बो व्ही-6, सोबत दोन विद्युत यंत्रं. त्यांतलं एक ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवायचं. दुसरं, एमजीयू-एच नावाचं, टर्बोच्या दांड्यावर बसून एग्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढायचं. मर्सिडीजने ब्रिक्सवर्थमध्ये 2017 साली चाचणीत जाहीर केलं की इंधनातल्या ऊर्जेपैकी 50 टक्क्यांहून जास्त ऊर्जा आपलं इंजिन कामी लावतं. रस्त्यावरच्या पेट्रोल गाड्यांना चाळिशी गाठतानाही धाप लागते. पेट्रोल इंजिनाच्या इतिहासातला हा मानाचा तुरा म्हणायला हवा. पण त्याची किंमत? इंजिन विकत घेणाऱ्या छोट्या संघांची बिलं अशी फुगली की 2014 च्या ऑक्टोबरमध्ये केटरहॅम आणि मरुशिया हे दोन संघ एकाच महिन्यात प्रशासकाच्या ताब्यात गेले. होंडासारख्या कंपनीला हे यंत्र जमवायला काही वर्षं लागली. 2015 मध्ये होंडाच्याच सुझुका ट्रॅकवर फर्नांडो अलोन्सो रेडिओवर ओरडला की हे तर खालच्या दर्जाच्या शर्यतीतलं इंजिन आहे.

फोर्स इंडियाची कथा याच काळातली. सिल्व्हरस्टोनच्या दाराशी असलेला हा संघ कमी खर्चात मोठं काम करण्यात वस्ताद. 2016 आणि 2017, दोन्ही वर्षं चौथा. पहिले तिघे कोण, तर मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल, त्यांच्या कितीतरी पट पैसा असलेले. तरी जुलै 2018 मध्ये संघ प्रशासकाकडे गेला आणि ती प्रक्रिया सुरू करणाऱ्यांत त्यांचाच चालक सर्जिओ पेरेझ होता, 405 लोकांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून. मल्ल्यांच्या अडचणींचा त्यात वाटा होताच. पण उत्तम चालवलेला, जगात चौथा असलेला संघ बुडतो, तेव्हा दोष नुसत्या मालकाच्या माथी मारून भागत नाही.

अखेर 31 ऑक्टोबर 2019 रोजी मर्यादा ठरली: 2021 पासून वर्षाला साडेसतरा कोटी डॉलर. मग कोरोना आला, शर्यती थांबल्या, मॅक्लारेनला बहारिनच्या बँकेकडून पंधरा कोटी पौंडांचं कर्ज काढावं लागलं. घाबरलेल्या संघांनी एरवी कधीच मान्य केलं नसतं ते मान्य केलं. मर्यादा 2021 साठी साडेचौदा, पुढच्या वर्षी चौदा आणि 2023 पासून साडेतेरा कोटी डॉलर झाली. रुपयांत साधारण साडेअकराशे कोटी. शर्यती 21 पेक्षा जास्त झाल्या की जादा भत्ता, शिवाय महागाईचा हिशेब वेगळा. चालकांचे पगार, सर्वांत जास्त पगाराच्या तिघांचे पगार, जाहिरात, प्रवास आणि इंजिन हे सगळं मर्यादेतून वगळलं. एड्रियन न्यूईंसारख्या नामवंत गाडी-रचनाकाराला मागाल ते मोजता येतं, ते या ‘तिघांच्या’ सवलतीमुळे.

आता चुरस हिशेबनिसांच्या टेबलावरही आली. एखादा भाग बनवला पण वापरला नाही, तर त्याचा खर्च कुठल्या वर्षात धरायचा? आजारी कर्मचाऱ्याचा पगार आत की बाहेर? कँटीनचं जेवण? ही थट्टा नाही. 2021 च्या पहिल्याच वर्षी रेड बुलने मर्यादा ओलांडली, 18 लाख 64 हजार पौंडांनी. एका करसवलतीची नोंद नीट केली असती तर हा आकडा 4 लाख 33 हजारांच्या आत राहिला असता, हे एफआयएनेही मान्य केलं. चुकीच्या नोंदींत कँटीनचा खर्चही होता. ऑक्टोबर 2022 मध्ये शिक्षा सुनावली गेली: 70 लाख डॉलर दंड आणि वायुगती चाचण्यांत दहा टक्के कपात. प्रतिस्पर्धी म्हणाले, फारच सौम्य. रेड बुल म्हणाला, फारच जबर. पुढच्या वर्षी, म्हणजे कपातीच्या वर्षी, रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या.

मर्यादेमुळे अपघाताचा अर्थ बदलला. 2021 मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्स व्हर्स्टापनची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हा संघाने नुकसान 18 लाख डॉलर असल्याचं सांगितलं. आधीच्या जमान्यात मालकाने चेक फाडला असता. आता तेवढे पैसे नव्या पंखातून, नव्या फ्लोअरमधून वजा. हाससारख्या छोट्या संघात मिक शूमाकरने 2022 मध्ये जेद्दा आणि मोनॅकोला गाड्या मोडल्या, त्याचा हिशेब संघप्रमुख उघडपणे बोलून दाखवत. वर्षअखेर मिकची जागा गेली.

या सगळ्या नियमांत खरी जादू केली ती एका वेगळ्याच कलमाने. विंड टनेलमध्ये किती चाचण्या करायच्या ते आता क्रमवारीवर ठरतं. आठ आठवड्यांच्या एका टप्प्यात मूळ आकडा 320 चाचण्यांचा. विजेत्याला त्याच्या 70 टक्के, म्हणजे 224. प्रत्येक क्रमांकाला पाच टक्के वाढत जात दहाव्याला 115 टक्के, म्हणजे 368. मॉडेल मूळ गाडीच्या 60 टक्क्यांहून मोठं नको, वाऱ्याचा वेग सेकंदाला 50 मीटरच्या वर नको. जिंकलात की डोळ्यांवर थोडी पट्टी, हरलात की थोडा जास्त उजेड. शुद्ध स्पर्धेचे भक्त याला कुरकुरतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण पैशाच्या अडसरापेक्षा हा अडसर बरा आहे. त्यात दर चाचणीला ‘आपण नक्की काय शोधतोय’ हे आधी ठरवावं लागतं.

याचं सर्वांत देखणं फळ मॅक्लारेन. 2023 च्या सुरुवातीला ते जवळपास तळाशी होते. जुलैत ऑस्ट्रियाला नवे भाग बसवले, पुढच्याच आठवड्यात सिल्व्हरस्टोनला लँडो नॉरिस दुसरा आला. 2024 मध्ये 26 वर्षांनी संघांचं विजेतेपद, तेही मर्सिडीजकडून विकत घेतलेल्या इंजिनावर. 2025 मध्येही त्यांच्याच पपई रंगाच्या गाड्या सर्वांत पुढे धावल्या. आणि कोलोनचा किस्सा इथे येतो. 2010 पासून 2023 मध्ये वोकिंगला स्वतःचं नवं विंड टनेल सुरू होईपर्यंत मॅक्लारेन आपल्या चाचण्या भाड्याच्या विंड टनेलमध्ये करत होतं. ते टनेल टोयोटाचं. आठ वर्षांत एकही विजय न मिळवलेल्या त्या अवाढव्य कारखान्याचा सर्वांत चांगला उपयोग भाडेकरूने केला.

मर्यादेचा फायदा संघमालकांना मात्र कल्पनेपलीकडे झाला. जो संघ 2009 मध्ये पौंडाला विकला गेला, तोच आज मर्सिडीज म्हणून कित्येक अब्ज डॉलरचा आहे. खर्च बांधलेला, उत्पन्न वाढतं, म्हणजे नफा पक्का. अशा घरात नवा भाऊ कुणाला हवा असतो? अमेरिकेच्या आन्द्रेत्ती संघाचा प्रवेशअर्ज 2024 च्या जानेवारीत फॉर्म्युला वनने फेटाळला. जनरल मोटर्स कॅडिलॅकच्या नावाने पुढे आली, तेव्हा कुठे 2026 साठी अकरावा संघ मान्य झाला. दुबळ्यांना जगवायला आलेल्या नियमाने दहा जणांची एक सुरक्षित पेढी उभी केली, ही गोष्ट नियमकर्त्यांच्या भाषणांत फारशी ऐकू येत नाही.

उलट टोकाला काय होतं, ते पाहायला मुंबईच्या महिंद्राकडे बघावं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत महिंद्रा पहिल्या, म्हणजे 2014 च्या हंगामापासून आहे. 2017 मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. तिथे खर्च आटोक्यात ठेवण्याचा मार्ग म्हणजे बरंचसं सगळ्यांना सारखं: चॅसी तीच, बॅटरी तीच, टायर तेच. संघांनी डोकं चालवायचं ते मोटर, इन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअरवर. त्यामुळे महिंद्रासारखा संघ बड्या जर्मन कंपन्यांसमोर टिकला. पण ऑडी आणि बीएमडब्ल्यू 2021 अखेर निघून गेले, मर्सिडीज त्यानंतर वर्षभराने. बीएमडब्ल्यूने जाताना सांगितलं की तंत्रज्ञान शिकून रस्त्यावरच्या गाड्यांत आणण्याची इथली संधी आता जवळपास संपली आहे. विजेच्या गाडीचा जीव बॅटरीत, आणि बॅटरीला हात लावायला मनाई. कारखानदाराला शिकण्यासारखं काही उरलं नाही तर तो नुसत्या जाहिरातीसाठी किती दिवस थांबणार?

फॉर्म्युला वनच्या 2026 च्या नियमांत खर्च हाताबाहेर जाण्याची आणि कारखानदार निघून जाण्याची, अशा दोन्ही भीती स्पष्ट दिसतात. ऑडीला यायला मन व्हावं म्हणून महागडं एमजीयू-एच काढून टाकलं, म्हणजे या खेळाने बनवलेली सर्वांत हुशार गोष्ट खर्चाच्या नावाखाली गेली. त्या बदल्यात विद्युत मोटरची ताकद 120 किलोवॅटवरून 350 वर नेली, इंधन शाश्वत केलं आणि गाडीच्या पुढचे-मागचे पंख हलण्याची परवानगी दिली. हलणारे पंख मोस्ली 2009 मध्ये काटकसरी संघांना देऊ करत होते. सतरा वर्षांनी ते पुढे-मागे दोन्हीकडे आले, पण सर्वांना एकाच ठरावीक पद्धतीने हलवायचे. खर्चमर्यादा साडेएकवीस कोटी डॉलर झाली. वाढ दिसते तेवढी मोठी नाही, कारण आधी बाहेर ठेवलेले अनेक खर्च आता तिच्यात मोजायचे आहेत, शिवाय महागाई. इंजिन बनवणाऱ्यांना वेगळी तेरा कोटींची मर्यादा आहे. रेनोने मात्र हिशेब करून पाहिला आणि व्हिरी-शातियोंमधला आपला इंजिन कारखाना फॉर्म्युला वनपुरता बंद करायचं ठरवलं. 2026 पासून त्यांच्या अल्पिन संघाच्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन बसवायचं ठरलं.

2014 मध्ये मर्सिडीज गेली तसं कुणी एकच पुढे निघून जाऊ नये, म्हणून नियमांत एक नवी तरतूद आहे. ज्याचं इंजिन सर्वोत्तम इंजिनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त मागे भरेल, त्याला इंजिनाची रचना गोठवणाऱ्या नियमातून सुटका देऊन एक जादा सुधारणा करता येईल. चार टक्क्यांच्या पुढे गेला तर दोन. हे टक्के मोजणार एफआयए, संघांच्या गाड्यांतल्या सेन्सरवरून. आपलं इंजिन किती मागे आहे ते लपवावं की दाखवावं, याचा विचार इंजिनवाल्यांच्या कारखान्यांत चालू असणार.